दोनशे डब्यांची राखण

२ सप्टेंबर, सोमवार

चार वर्षांनी पुन्हा कामाला लागले. बाबांच्या आजारपणात नोकरी सोडली तेव्हा जो तो म्हणाला होता, "आता कोण घेणार तुला?" घेतलं. तेही रुग्णवाहिका सेवेत. शहरातून मदतीसाठी कुणीही फोन केला की तो आमच्या नियंत्रण कक्षात येतो. नकाशावर सगळ्या गाड्या दिसत असतात. सगळ्यात जवळच्या रिकाम्या गाडीला आपोआप निरोप जातो आणि ती निघते. हे सगळं ज्या क्लस्टरवर चालतं तो आजपासून माझ्या ताब्यात.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काम काय असतं गं तुझं?" त्यांना कमी ऐकू येतं आणि कानातलं यंत्र त्या कपाटात जपून ठेवतात. म्हणून ओरडून समजावलं. तेरा सर्व्हर एकत्र जोडलेत, तो क्लस्टर. सगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत घालून त्यांच्यावर ठेवलेत, त्यांना कंटेनर म्हणतात. एखादा डबा बंद पडला की क्लस्टर स्वतःच तसाच दुसरा उभा करतो. असे दोनशेच्या आसपास डबे. कुणाला काय उघडायची परवानगी आहे, आत नको ते कुणी शिरलंय का, हे बघायचं काम माझं.

थोड्या वेळाने त्या जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, "डबे पोचवायची नोकरी लागली हो सुनेला."

५ सप्टेंबर, गुरुवार

साहेब म्हणजे आमच्या तंत्र विभागाचे प्रमुख. बोलणं गोड, इस्त्री कडक. सत्तावीस तारखेला बाहेरची माणसं सुरक्षा तपासणीला येणार आहेत. "तोवर घर आवरून ठेवा. मागच्या माणसाने फार पसारा करून ठेवलाय," म्हणाले.

मागचा माणूस म्हणजे मास्तर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे म्हणून हे नाव. आठ वर्षं त्यांनीच हा क्लस्टर सांभाळला. ऑगस्टमध्ये त्यांना जायला सांगितलं. का, हे विचारलं की लोक एकदम चहाला निघतात.

९ सप्टेंबर, सोमवार

पसारा म्हणजे केवढा! सगळी दारं उघडणारी किल्ली एकतीस जणांकडे. त्यातले सहा नोकरी सोडून गेलेले, एक वारलेला. पासवर्ड उघड्या फायलींत. आज एकोणतीस जणांचे अधिकार काढले. चार जण येऊन भांडले. मला फार बरं वाटलं, खोटं का बोलू? चार वर्षं औषधांच्या वेळा सांभाळल्यावर कुणीतरी आपल्याला घाबरतंय, यात एक मजा असते.

११ सप्टेंबर, बुधवार

सापडलं.

क्लस्टरचे स्वतःचे डबे ज्या कप्प्यात असतात, तिथेच एक डबा. नाव अगदी क्लस्टरच्याच डब्यांसारखं, एका अक्षराचा फरक. मी तीनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं. त्याला सगळे अधिकार. वाटेल तो डबा बंद करू शकतो, सुरू करू शकतो. दर पाच मिनिटांनी जागा होतो, काहीतरी बघतो, गप्प होतो. कुठे नोंद नाही, कागद नाही, ठेवणाऱ्याचं नाव नाही.

आणि गाड्यांची ठिकाणं नकाशाला पुरवणारा जो डबा आहे, तो गेल्या आठवड्यात त्रेचाळीस वेळा बंद करून पुन्हा सुरू केला गेलाय. त्रेचाळीस! रोज कुणीतरी घरात शिरून एकच खुर्ची सरकवून जावं, तसं.

साहेबांना सांगितलं. ते क्षणभर खिडकीकडे बघत राहिले. "मास्तरांनी ठेवलेलं असणार," म्हणाले. मी तोवर कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मुरलेला माणूस, लगेच ओळखलं.

"सर, आत काय आहे ते उलगडून बघू का? प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कुठेच नाही, दोन-तीन दिवस लागतील."

"चोराच्या खिशात काय आहे ते नंतर बघू. आधी त्याला घराबाहेर काढा. आणि हे बघा, त्यांचा फोन आला तर उचलू नका. प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. जुन्या तक्रारींच्या फायलीही उकरत बसू नका, वेळ नाही तेवढा."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काढून टाकला. पुरावा म्हणून एक प्रत कुलपात ठेवली.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर. शांतपणे म्हणाला, "पण तो करत काय होता?"

"परवानगीशिवाय चालत होता, एवढं पुरे नाही का?"

"आम्ही दात उपटण्याआधी मूळ कुठवर गेलंय ते बघतो."

"तुझ्या पेशंटच्या तोंडात रात्रीतून कुणी नवीन दात लावून जात नाही," मी म्हटलं. तो हसला. मला राग आला होता. तो दुसऱ्यांदा हसला म्हणून जास्त आला.

१६ सप्टेंबर, सोमवार

अनोळखी नंबरवरून फोन. उचलला नाही. मग निरोप: "मी मास्तर. एक मिनिट बोलायचं होतं." पुसून टाकला. काय हिंमत आहे या माणसाची!

सध्या रोज दोन-तीन सर्व्हर रिकामे करून अद्ययावत करतेय. एकावरचे डबे दुसऱ्यावर जातात, तिथे नव्याने सुरू होतात. दिवसभर डब्यांच्या उड्या.

१८ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा फोन. पुन्हा नाही उचलला.

डबा काढून पाच दिवस झाले. काहीही बिघडलेलं नाही. नवऱ्याला मुद्दाम सांगितलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तेराही सर्व्हर झाले. आता तपासणीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मास्तरांचा तिसरा फोन. मी त्यांचा नंबरच ब्लॉक करून टाकला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ठिकाणं पुरवणारा तो डबा चार दिवसांत एकदाही बंद पडलेला नाही. पूर्वी आठवड्याला त्रेचाळीस वेळा, आता शून्य. म्हणजे तो चोर डबाच त्याला छळत होता. साहेबांना आलेख दाखवला. "हाच तपासणीच्या पहिल्या पानावर टाका," म्हणाले.

दुपारी नियंत्रण कक्षातल्या मावशी भेटल्या. तीस वर्षं फोन घेताहेत, आवाज असा की ऐकणाऱ्याचा अर्धा ताप उतरावा. म्हणाल्या, "बाई, अकरा नंबर पेट्रोल पंपावर झोपलाय की काय? तासभर जागचा हलला नाही नकाशावर." आमच्याकडे चालकांना गाडीच्या नंबरानेच हाक मारतात. मी लगेच बघितलं. डबा जिवंत, दिवा हिरवा. म्हटलं, "चहा पीत असेल."

"तासभर?" मावशी म्हणाल्या. "पूर्वी मी वायरलेसवर विचारायची, कुठे आहेस रे. आता साहेबांनी बंद केलंय. त्यात वेळ जातो म्हणे."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

शंभरपैकी शहाण्णव! तपासणीचे लोक म्हणाले, इतका घट्ट क्लस्टर त्यांनी या वर्षात पाहिला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं, टाळ्या वाजल्या, फुलं दिली. बाबा असायला हवे होते.

फुलं सासूबाईंनी पाण्यात ठेवली. "डब्यांसाठी फुलं?" म्हणाल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

सहा नंबर चालक वर येऊन तणतणला. जवळच्या हाकेला त्याला पाठवत नाहीत, लांबच्या हाकेला पाठवतात, म्हणे. "मॅडम, मी चौकात उभा आणि हाक चौकातूनच आलेली. निरोप गेला पार नदीपलीकडच्या गाडीला!"

डब्यांच्या नोंदी बघितल्या. सगळं हिरवं. साहेब म्हणाले, चालकांना काम टाळायला कारण लागतं. मलाही तसंच वाटलं. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक बाई गेल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या. कालव्याजवळच्या वस्तीत. सकाळी दहा चाळीसला नवऱ्याचा फोन आला की छातीत दुखतंय. गाडी पोचली अकरा तेराला. तेहतीस मिनिटं. फोन मावशींनी घेतला होता.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळे दिवे हिरवे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. मला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"खाली बघ. कोण उभा आहे?"

खाली अंगणात अकरा नंबर गाडी. चालक पायरीवर बसून काच पुसत होता.

"आता इकडे बघ." पडद्यावरच्या नकाशात अकरा नंबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्कशॉपमध्ये. वेळ आत्ताची. दिवा हिरवा.

"वर्कशॉपमधून तो परवाच आलाय," मावशी म्हणाल्या.

मी ठिकाणांचा डबा बंद करून पुन्हा सुरू केला. वीस सेकंद नकाशा रिकामा राहिला. मग गाड्या एकेक करून उमटल्या, आणि त्यातल्या नऊ आधीपेक्षा वेगळ्याच जागी. कुणी नदीच्या या बाजूला आली, कुणी शहराच्या टोकाला गेली. अकरा नंबर आमच्या अंगणात आली.

मावशी म्हणाल्या, "किती दिवस?"

मला उत्तर माहीत होतं. डब्याचा आलेखच सांगत होता. चौदा दिवस एकदाही बंद न पडलेला डबा. मी त्या आलेखाला पहिल्या पानावर बसवलं होतं.

कुलपातली प्रत काढून मास्तरांचा डबा जिथल्या तिथे ठेवला. मग त्यांचा नंबर पुन्हा सुरू केला आणि फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. "काढलंत ना ते?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

मास्तरांकडे गेले. बहिणीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, खुर्च्यांवर वह्यांचे गठ्ठे. अजून मुलांच्या शिकवण्या घेतात. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी चहा ठेवला.

"आपल्या नऊ गाड्यांमध्ये जुनी यंत्रं आहेत," त्यांनी सांगितलं. "मधेच सिग्नल गेला की ठिकाणांचा डबा गोंधळतो आणि गाडीची जुनीच जागा नव्या वेळेनिशी सांगत बसतो, कधी तासभर, कधी दिवसेंदिवस. मरत नाही. मेला असता तर बरं होतं, क्लस्टरने दुसरा उभा केला असता. क्लस्टर त्याला दर दहा सेकंदांनी विचारतो, जिवंत आहेस का? तो म्हणतो, हो. खरं बोलतोयस का, असं कुणी विचारत नाही. ते विचारायला मी तो छोटा डबा ठेवला होता. गाडी हलत नाहीसं दिसलं की तो ठिकाणांचा डबा बंद करून नव्याने सुरू करायचा."

"पण मी काढल्यावर आठवडाभर काहीच झालं नाही."

"तुम्ही सर्व्हर अद्ययावत करत असाल. त्यात तो रोज नव्याने सुरू होत होता."

मी विचारलंच, "लिहून का नाही ठेवलंत? आणि ते नाव? ते सगळे अधिकार?"

"लाज वाटली." ते कपाकडे बघत बोलत होते. "मूळ दुरुस्ती करा, यंत्रं बदला, म्हणून मी साहेबांना चारदा लिहून दिलं. चारदा परत आलं. पाचव्यांदा मी वर जाऊन सांगतो म्हटलं, तर मलाच जायला सांगितलं. मधल्या काळात ते ठिगळ लावलं. साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून तसं नाव दिलं. अधिकार मोजून द्यायला हवे होते, पण घाईत सगळेच दिले. मुलांना सांगायचो, पायऱ्या लिहा, नुसतं उत्तर लिहू नका. स्वतः मात्र उत्तरसुद्धा लपवलं."

निघताना त्यांच्या बहिणीने दारापर्यंत सोबत केली. म्हणाली, "तो रोज विचारायचा, तुमचा फोन आला का."

७ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांचा अहवाल तयार. 'माजी कर्मचाऱ्याने विनापरवानगी बसवलेल्या प्रोग्रॅममुळे यंत्रणेत बिघाड.' खाली सहीसाठी माझी जागा.

"सर, बिघाड तो काढल्यामुळे झाला. मी काढला."

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, याची काळजी घेतलीय मी."

"त्यांची चार पत्रं..."

"कुठली पत्रं?" साहेब हसले. अगदी पहिल्या दिवसासारखं, गोड. "तुम्ही चार वर्षं घरी होतात. पुन्हा घरी बसायची इच्छा आहे का? गुरुवारी चौकशी समितीसमोर अहवाल जाणार. बुधवारपर्यंत सही करा."

अकरा तारखेच्या पानावर मीच लिहिलंय, साहेबांनी नाव कसं लगेच ओळखलं ते. आज ते पुन्हा वाचलं. बिघाड त्यांना तेव्हाच ठाऊक होता.

८ ऑक्टोबर, मंगळवार

खरं लिहायचं तर काल मी सही करणार होते. पेन काढलं होतं. गेलेल्या बाई परत येणार नाहीत, मास्तर तसेही बाहेरच आहेत, आणि मला ही नोकरी हवी आहे. हे तिन्ही विचार मी केले, याच क्रमाने.

नवरा म्हणाला, "तू ठरवशील ते." मला ते नको होतं. कुणीतरी ओरडायला हवं होतं. सासूबाईंना सांगितलं, मोठ्यांदा, दोनदा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलायचं असेल तर माझ्यापाशी बोलू नकोस बाई. तुला ओरडावं लागतं, सगळ्या जिन्याला ऐकू जातं."

आज कामावर जाऊन आधी पत्रं शोधली. साहेबांनी पुसली होती, पण रोजच्या जतन केलेल्या प्रती माझ्या ताब्यात असतात. चारही मिळाली. मग गाड्यांमधल्या यंत्रांची स्वतःची नोंद काढली. नकाशा काहीही सांगो, यंत्राच्या पोटात खरी जागा राहते. तीन तारीख, दहा चाळीस, अकरा नंबर.

काय दिसलं ते इथे लिहवत नाही. छापून पाकिटात घातलंय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

समितीत तिघं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मावशी. भिंतीलगतच्या खुर्चीवर त्या बाईंचे यजमान. छापखान्यात काम करतात, नखांत शाई होती. पूर्ण वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते.

मी सही केलेली नाही, हे सांगितलं. मग सगळं सांगितलं. डबा मी काढला. आत काय आहे ते न बघता काढला. तीन फोन उचलले नाहीत. दोन माणसांनी येऊन सांगितलं, त्यांचं ऐकलं नाही. चार पत्रं टेबलावर ठेवली. पाकीट अध्यक्षांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, वाचलं आणि पालथं ठेवलं. साहेब रुमालाने चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.

निकाल दुपारीच दिला. साहेबांना पदावरून दूर केलं, पुढची चौकशी होईल. मलाही कामावरून थांबवलं. माझ्या किल्ल्या तिथेच काढून घेतल्या. मास्तरांना उद्यापासून बोलावलंय, नऊ यंत्रं बदलेपर्यंत. मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

बाहेर व्हरांड्यात ते गृहस्थ उभे होते. माझीच वाट बघत असावेत.

"तुम्ही आत खरं बोललात," म्हणाले. "एक विचारू? त्या कागदात काय होतं?"

मागून साहेब बाहेर आले. त्यांनी मला मानेने नको म्हणून खुणावलं. त्या क्षणी प्रथमच मला त्यांचं म्हणणं पटलं. या माणसाला हे कळून काय मिळणार? पण ते माझ्याकडे बघत होते.

"त्या वेळी सगळ्यात जवळची गाडी कुठे होती, ते," मी म्हटलं.

"कुठे होती?"

"तुमच्या मागच्या गल्लीत. शाळेच्या भिंतीला लागून. रिकामी होती."

ते बाकाची कड धरून हळूहळू खाली बसले. मी पाणी आणायला वळले, तर म्हणाले, "निळ्या पट्ट्याची?"

"हो."

"दिसली होती मला. खिडकीतून." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "मी जिन्यापर्यंत धावलो होतो. पण फोनवर त्या बाई सांगत होत्या, गाडी निघालीय, वाटेत आहे, पेशंटजवळून हलू नका. म्हणून परत फिरलो. मला वाटलं, ती दुसऱ्या कुणासाठी आली असेल."